शिरोलीतला उपाशी डबा : भट्टीच्या गरम पाण्यावर सेन्सर चालवण्याचं एक प्रकरण

"साहेब, तुमचे आणि तीन डबे झोपल्यात बघा." फोरमन मामांचा फोन आला की मला आधी शिडी आठवायची. सँड प्लांटमध्ये साच्याची वाळू वर नेणाऱ्या बकेट एलेव्हेटरचं वरचं बेअरिंग जमिनीपासून तीसेक फुटांवर. तिथल्या सेन्सरची बॅटरी बदलायची म्हणजे प्लांट थांबवायचा, बेल्ट बांधून वर चढायचं, काळ्या वाळूच्या धुळीत चार बारीक स्क्रू सोडवायचे आणि त्यातला एक खाली पाडायचा. पाडायचाच, असा नियमच झाला होता.

ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची फाउंड्री. ग्रे आयर्नचं कास्टिंग, दोन इंडक्शन भट्ट्या, एक सँड प्लांट. मालकांनी बाहेरच्या एका पुरवठादाराकडून तापमान आणि कंपन मोजणारे चौदा वायरलेस सेन्सर घेतले होते: पाच सँड प्लांटवर, दोन कास्टिंग साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टवर, दोन कॉम्प्रेसरवर, दोन धूळ ओढणाऱ्या ब्लोअरवर, एक कूलिंग टॉवरवर आणि दोन भट्ट्यांच्या थंड करणाऱ्या पाण्याच्या लाइनवर. बॅटरी पाच वर्षं जाणार असं कागदावर लिहिलेलं होतं. चौथा महिना संपायच्या आत पहिले काही डबे मान टाकून मोकळे झाले. पुरवठादार फोन उचलेना, तेव्हा काम माझ्याकडे आलं. उद्यमनगरात माझं छोटं इन्स्ट्रुमेंटेशनचं दुकान आहे.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. "अहो, एवढी उष्णता, एवढी थरथर, एवढा उजेड फुकट चाललाय. त्यावर चालवा की हे डबे. बॅटरीचं लफडंच नको."

मलाही ते पटलं. तिथंच चुकलो.

थरथरीवर जगणारा सेन्सर

सुरुवात एलेव्हेटरपासून केली, कारण शिडी. क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवलेला पीझो परिणाम अशा जागी उपयोगी पडतो. विशिष्ट स्फटिक वाकवला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो. एका पातळ पट्टीवर तो पदार्थ चिकटवायचा, पट्टीचं एक टोक मशीनला घट्ट धरायचं, दुसऱ्या टोकाला छोटं वजन लावायचं. मशीन थरथरलं की पट्टी झुलते आणि वीज मिळते. मात्र पट्टीची स्वतःची लय आणि मशीनची लय जुळली तरच. जत्रेतल्या पाळण्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर तो उंच जातो, नाहीतर अंगावर येतो, तसं.

चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण १,४४० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४. वजन थोडं थोडं घासत पट्टी २४ हर्ट्झला आणली. पहिल्या दिवशी दीडशे मायक्रोवॅट मिळाले. मी मालकांना फोन करून सांगितलं. हा फोन एक आठवडा उशिरा केला असता तर बरं झालं असतं.

झालं असं की त्या मोटरला व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, आहे. मोल्डिंगला वाळू कमी लागली की ऑपरेटर वेग उतरवतो. ड्राइव्ह ४५ हर्ट्झवर आला की मोटर सेकंदाला बावीसच्या आत-बाहेर फिरते. दोन हर्ट्झचा फरक कानाला कळतसुद्धा नाही, पण पट्टीच्या टोकाला मिळणारी वीज पाच-सहा मायक्रोवॅटवर आली. तरी म्हटलं, पूर्ण वेगात चालेल तेव्हा भरून काढेल. मग मेंटेनन्सवाल्यांनी मोटरचे पायाचे बोल्ट आवळले आणि कपलिंग सरळ केलं. मशीन गुळगुळीत चालायला लागलं. सेन्सरचं उरलंसुरलं जेवणही तुटलं.

मशीन बिघडलंय का हे बघायला बसवलेला सेन्सर मशीन बिघडलेलं असतानाच धड जेवतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

उजेडाचं लवकर उरकतो. बाहेर भर दुपारी उन्हात लाखभर लक्स असतात, शेडमध्ये एलेव्हेटरच्या डोक्याशी माझ्या मीटरनं दोनशे दाखवले. पाचशेपट फरक. आतल्या उजेडासाठी बनवलेला पाच सेंटिमीटर चौकोनी सेल स्वच्छ असताना शंभर-सव्वाशे मायक्रोवॅट देतो, तेही उजेड असेल तोवर. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते. आठवड्यात सेलवर इतका काळा थर बसला की बोटानं नाव लिहिता यावं. कुणीतरी लिहिलंही होतं.

मोबाइल टॉवरच्या लहरींवर चालवा, हेही एकानं सुचवलं. टॉवरपासून लांब, पत्र्याच्या शेडच्या आत, चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोवॅटसुद्धा हाती लागत नाही. तो विषय चहासोबत संपला.

खर्चाची वही

दीड महिना असा गेल्यावर मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मिळकत शोधणं थांबवून खर्च मोजला.

डब्यातली लिथियमची पेन्सिल-आकाराची बॅटरी ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-अवर. गुणाकार केला की साधारण ३१,००० ज्यूल. पाच वर्षं पुरवायची तर दिवसाला १७ ज्यूलमध्ये घर चालवायला हवं. डबे मात्र दिवसाला २७० ज्यूलच्या आसपास उडवत होते.

कशावर? मोजण्यावर नाही, बोलण्यावर. सेन्सर लोरा नावाच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालतात. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. सिग्नल कमकुवत असेल तर लोरा तोच निरोप अधिक सावकाश, ताणून पाठवतो. हे निरोप ऐकणारा गेटवे बसवला होता ऑफिसात, मालकांच्या केबिनमागे, वायफायचा डबा आहे तिथंच. मधे दोन पत्र्याच्या भिंती, एक ओव्हरहेड क्रेन आणि कास्टिंगच्या थप्प्या. त्यामुळे प्रत्येक डबा सगळ्यात सावकाश सेटिंगवर जाऊन बसला होता. एका निरोपाला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ, तेवढा वेळ ४० मिलिअँप, म्हणजे दर निरोपाला ०.१९ ज्यूल. आणि मालकांनी हौसेनं दर मिनिटाला रीडिंग मागितलेलं. दिवसाला १,४४० निरोप. बेअरिंगचं तापमान मिनिटामिनिटाला बघून ते करणार काय होते, हे मी विचारलं नाही.

गेटवे शेडच्या आत, क्रेनच्या गर्डरच्या वर नेला. निरोप ६० मिलिसेकंदांत जायला लागला. खर्च ९ मिलिज्यूल, आधीच्या विसाव्या भागाइतका. रीडिंग पाच मिनिटांवर आणलं. कंपन मोजायचे तीनेक ज्यूल, झोपेत जाणारे तीन, बोलण्याचे अडीच. दिवसाला साडेआठ ज्यूल. त्याच बॅटरीवर कागदावर दहा वर्षं येतात. आपण निम्म्यावर विश्वास ठेवू, गरम शेडमध्ये बॅटरी आतल्या आत झिजते. तरीही पाच.

म्हणजे चौदापैकी अकरा ठिकाणी हवेतून वीज काढायची गरजच नव्हती. गेटवे हलवायला एक क्रेन ऑपरेटर, वीस मीटर केबल आणि अर्धा दिवस लागला. पीझोच्या पट्ट्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.

कूलिंग टॉवरचा डबा बाहेर उघड्यावर होता. त्याला एक वॅटचं सोलर पॅनेल लावलं. खर्च इतका कमी झाला होता की आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसलं नाही तरी चालतंय. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

भट्टीचं पाणी

उरले भट्टीचे दोन. खरं प्रकरण त्यांचंच आहे.

इंडक्शन भट्टीत तांब्याच्या पोकळ कॉइलमधून प्रचंड करंट जातो आणि त्याच कॉइलमधून पाणी फिरत असतं. कॉइलच्या आत भट्टीचं अस्तर, म्हणजे लायनिंग, लायनिंगच्या आत चौदाशे-पंधराशे अंशांवरचा रस. पाणी थांबलं तर कॉइल जळते. कॉइल फुटून पाणी रसाला भेटलं तर काय होतं ते फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पॅनेलमध्ये त्यासाठी फ्लो स्विच आणि टेंपरेचर ट्रिप असतात, ते इथंही आहेत, आणि आमचा सेन्सर त्यांच्या जागी नाही. तो जादाची नजर आहे, मालकांना आणि फोरमनला मोबाइलवर दिसणारी.

मग पॅनेलमधून २४ व्होल्टची वायर का नाही ओढली? ओढली होती. परतीच्या पाण्याचा हेडर, म्हणजे मुख्य पाइप, भट्टीच्या मागच्या खड्ड्यात आहे. वर्षात दोनदा रस सांडून वायर जळाली. शिवाय पॅनेल बंद झालं की वायरही मेली. बॅटरी ठेवायची तर जागा गरम, आणि रस सांडतो तिथं लिथियम ठेवायला माझी छाती होत नाही.

करंटचीच वीज चोरता येते, केबलभोवती चुंबकीय कोअर बसवून. मिळकतीच्या दृष्टीनं तो सगळ्यात श्रीमंत मार्ग होता. पण भट्टीची सप्लाय गेली की त्याच क्षणी सेन्सर मरणार, आणि धोका नेमका तेव्हा सुरू होतो. वीज जाते, पंप थांबतात, रस मात्र आत तसाच उकळता असतो. त्यासाठी वर इमर्जन्सी टाकी असते. तिचा व्हॉल्व्ह उघडून पाणी नुसत्या उताराने कॉइलमधून सोडतात, तासन् तास. त्या तासांत डोळे उघडे हवेत. म्हणून अट अशी ठरवली: धोका जितका वेळ जिवंत, तितका वेळ सेन्सरचं अन्न जिवंत. ही अट फक्त उष्णता पाळत होती. रस गरम आहे आणि पाणी फिरतंय तोवर परतीचा पाइप गरम राहणारच.

सीबेकनं १८२१ साली पाहिलेला परिणाम इथं कामाला आला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगळ्या तापमानाला ठेवले की व्होल्टेज तयार होतं. बाजारात मिळतो तो चार सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, कूलरमध्ये वापरतात तो पेल्टियर. टीईसी१-१२७०६ असा नंबर असतो. त्यातला १२७ म्हणजे आत तेवढ्या जोड्या. दोन बाजूंत एक अंशाचा फरक असेल तर साधारण ५० मिलिव्होल्ट. व्होल्टेज इतकं कमी असल्यामुळे ते चढवायला वेगळी चिप लागते. आम्ही एलटीसी३१०८ वापरली, ती २० मिलिव्होल्टपासून चालू होते.

हेडर ५२ अंशांवर, शेडमधली हवा ३४. अठरा अंशांचा फरक, म्हणजे ९०० मिलिव्होल्ट यायला हवेत असं वाटेल. पहिल्या दिवशी आले ६०.

कारण त्या पांढऱ्या चौकोनाला, म्हणजे मॉड्यूलला, अठरा अंश मिळतच नाहीत. उष्णता पाइपातून ठोकळ्यात, ठोकळ्यातून मॉड्यूलमध्ये, तिथून उष्णता सोडणाऱ्या पात्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, फिन्समधून हवेत जाते, आणि सगळ्यात मोठा अडथळा शेवटी, फिन्स आणि हवेमध्ये असतो. बहुतेक फरक तिथंच खर्च होतो. हिशेबानं मॉड्यूलच्या वाट्याला साडेतीन अंश यायला हवे होते. आले सव्वा.

उघडून बघितलं. पाइप गोल, मॉड्यूल सपाट, मधे अॅल्युमिनियमचा ठोकळा, एका बाजूनं पाइपाच्या गोलाईचा. शेजारच्या टर्नरनं तो छान दिसेल असा केला होता. पाइपावर निळा रंग लावून ठोकळा दाबला तर रंग फक्त दोन कडांना लागला. मधे कागद जाईल एवढी फट. टर्नर म्हणाला, "पाइपच वाकडाय की हो तुमचा." खरं होतं, पाइप लंबगोल होता. त्यानं त्याच पाइपावर टेकवत, निळं बघत बघत ठोकळा घासून दिला, दोन तास, वेगळे पैसे न घेता. दुसरी चूक माझी. ठोकळा आणि फिन्स आवळायला मी चार जाडजूड बोल्ट वापरले होते. उष्णता मॉड्यूल सोडून बोल्टातून थेट फिन्समध्ये पळत होती. बारीक बोल्ट आणि फायबरचे वॉशर घातले. व्होल्टेज १६० मिलिव्होल्टवर गेलं. चिपनंतर हाती लागतो एक मिलिवॅटच्या आसपास. सोळा तास भट्टी चालली तर पन्नासेक ज्यूल.

इथं खर्चाची वही वेगळी लिहिली. तापमान दर पाच सेकंदांनी मोजायचं, कारण मोजायला जवळजवळ काहीच लागत नाही. बोलायचं मात्र दोन मिनिटांनी, किंवा तापमान अचानक सरकलं तर लगेच. दिवसाला दहा ज्यूल. मिळकत पाचपट. मी खुश.

वळवाची रात्र

मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. वारा, मग गारा, मग वीज गेली. एक नंबर भट्टीत रस भरलेला. मामांनी स्वतः धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी चालू झालं. या भागात सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं.

मालक त्या वेळी कोल्हापुरात, घरी. त्यांनी मोबाइल उघडला. एक नंबर, ५२ अंश, हिरवा. पाच मिनिटांनी ५२, हिरवा. वीस मिनिटांनीही ५२, हिरवा. त्यांना बरं वाटलं आणि ते जेवायला बसले.

ते ५२ वीज जायच्या आधीचं होतं. सेन्सर वीज गेल्यावर चौथ्या मिनिटाला गप्प झाला होता आणि पडदा शेवटचं रीडिंग धरून बसला होता. पाणी खरंतर ६० च्या पुढं गेलं होतं, हे मामांना पाइपाला हात लावून कळलं.

सकाळी डबा टेबलावर घेतला. पाइप गरमच असल्यामुळे अन्न तुटलं नव्हतं. वीज साठवायला मी एक फॅरडचा, बटणाच्या आकाराचा सुपरकपॅसिटर वापरला होता. कागदावर त्यात नऊ ज्यूल, म्हणजे बोलायला भरपूर. पण या बटणांचा आतला रोध मोठा असतो, नवीन असताना तीसेक ओहम. उष्णतेत महिने काढल्यावर माझ्याकडचा पन्नासवर गेला होता. रेडिओनं ४० मिलिअँप मागितले की आतल्या आतच दोन व्होल्ट गळून पडायचे. टाकी भरलेली, तोटी बारीक. एरवी दोन मिनिटांच्या विश्रांतीत तो कसाबसा सावरायचा. त्या रात्री तापमान सरकलं म्हणून डबा लागोपाठ बोलायला गेला, व्होल्टेज कोसळलं, प्रोसेसर रीसेट झाला, रीसेट झाल्यावर नेटवर्कशी नव्यानं ओळख करून घ्यायला त्यानं सगळ्यात लांबलचक निरोप पाठवायचा प्रयत्न केला, पुन्हा कोसळला. रात्रभर हेच. ओरडायचं त्या वेळीच त्याचा आवाज बसला.

दुरुस्ती तीन जागी केली. बटण काढून दहा फॅरडचे दोन नळकांडी सुपरकपॅसिटर एकापाठोपाठ जोडले. त्यांचा रोध ओहमच्या खाली असतो. ५ व्होल्टपासून अडीचपर्यंत उतरताना ते ४६ ज्यूल देतात. समजा टाकीचंही पाणी संपलं आणि पाइप गार पडायला लागला, तरी दर पाच सेकंदांनी ओरडत राहिला तर डबा सात तास टिकतो. नेटवर्कची ओळख कायमच्या मेमरीत ठेवली, रीसेट झाला तरी पुन्हा हात जोडायला जायचं नाही. तिसरी दुरुस्ती पडद्यावर: पाच मिनिटं निरोप आला नाही की आकडा करडा होतो आणि फोन वाजतो. या तिसरीला दहा मिनिटं लागली, आणि माझ्या मते ती आधी न करणं हीच सगळ्यात महागाची चूक होती.

त्यानंतर आम्ही मुद्दाम एका सुट्टीच्या दिवशी पंप बंद करून बघितला. रस नव्हता, भट्टी गरम होती. मामांनी टाकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. डबा शेवटपर्यंत बोलत राहिला. "आता ह्यो मर्दासारखा वरडतोय," मामा म्हणाले.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. उन्हाळ्यात भट्टी तापते म्हणून उष्णतेवरचा सेन्सर खूप जेवेल असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. मे महिन्यात शेडमधली हवा चाळीसवर जाते, पाणी तेवढंच राहतं, फरक बाराच अंशांचा उरतो. त्यात फिन्समध्ये काळी धूळ दाटते. परवा बघितलं तर व्होल्टेज ७० वर आलं होतं. हवेच्या नळीनं फिन्स फुंकल्यावर दहा मिनिटांत ११८. फुंकणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. ज्याच्या हातात नळी असेल तो फुंकतो, नसेल तो नाही. मी मॉड्यूलचं व्होल्टेजसुद्धा पडद्यावर टाकलंय, ८० च्या खाली गेलं की पिवळं होतं. फिन्सवर पत्र्याची तिरकी झडप करून बघायची आहे, धूळ अडेल आणि हवा अडणार नाही अशी. टर्नर म्हणतो, मोजमाप आण, शनिवारी करून देतो.